तेवीस तारखेला कढई खाली

२०१६ सालच्या नाताळात मी देवळात पडले. (आमच्या घरातली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणायची, माझ्याही तोंडात तेच बसलंय.) घसरून नाही, चक्कर येऊन. सकाळची उपासना, अंगावर नवी साडी, पाळकसाहेब मेंढपाळांच्या ओळी वाचताहेत, आणि मला समोर टांगलेली एकच चांदणी दोन दोन दिसायला लागली. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत चकल्या तळल्या होत्या. सकाळी मधुमेहाची गोळी घेतली आणि खाणं मात्र ‘आल्यावर खाऊ’ म्हणून राहू दिलं. शेजारच्या बाईंनी पर्समधून करंजी काढून माझ्या तोंडाला लावली. ते चूक होतं, का ते पुढे सांगते. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५८. एकतीस वर्षं नर्सिंग केलेली, त्यातली बहुतेक बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेली ही बाई. दुसऱ्याची साखर कमी झाली तर मी ओरडायची.

त्या दुपारी पलंगावर पडल्या पडल्या ओट्यावरचे डबे मोजले. सात जिन्नस झाले होते. वाटायची ताटं बावीस. डिसेंबरभरात बायबल किती वेळा उघडलं, ते मात्र मोजलं नाही. उत्तर माहीत होतं.

पुढच्या वर्षीपासून आमच्या घरात एकच नियम आहे: २३ डिसेंबरला संध्याकाळी कढई खाली. जे झालं ते झालं, जे राहिलं ते राहिलं. गॅसवर मग भात, रस्सा, चहा, एवढंच. हा नियम पाळायचा तर आधीचे तेवीस दिवस कसे काढायचे आणि नंतरचे चौदा कसे पसरायचे, ते लिहिते. मी सोलापुरात विजापूर रोडला राहते, वय त्रेसष्ट, साखर आणि बीपी दोन्ही आहे. यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं, तुमचं तुम्ही बघा.

आधी लूक, मग बेसन

बायबलात येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं आहेत, त्यातल्या लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय आहेत चोवीस. १ डिसेंबरला पहिला, २ ला दुसरा, असं रोज एक वाचत गेलं की २४ तारखेला पुस्तक पूर्ण होतं. ही माझी युक्ती नाही, पुष्कळ घरांत चालते. मला तिचं वेड लागलं ते मात्र वेगळ्या कारणाने: तारीख आणि अध्याय यांची आपल्या घरकामाशी अशी काही गाठ पडते की हसू येतं.

सुरुवात ३० नोव्हेंबरच्या रात्री करा. पहिल्या अध्यायात ८० ओवी आहेत, अख्ख्या नव्या करारात एवढा लांब अध्याय दुसरा नाही. एका बैठकीत पोरं झोपतात. निम्मा ३० ला, निम्मा १ ला. त्यात येशूची आई मरिया नात्यातल्या अलीशिबेकडे जाते आणि सुमारे तीन महिने राहते. दोन गरोदर बाया, एक म्हातारपणी, एक अगदी कोवळी. वॉर्डात मी हे चित्र खूप पाहिलंय. थोरली धाकटीला सांगते, धाकटी थोरलीची कामं करते. नाताळाची सुरुवात अशा एकमेकींकडे जाण्याने होते, खरेदीच्या यादीने नाही. म्हणून १ तारखेला मी यादी करत नाही, जाऊबाईंना फोन करते.

तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा देणारा योहान म्हणतो, दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. म्हणून ३ डिसेंबरला कपाट उघडायचं. स्वेटर, शाली, जास्तीच्या चादरी. आपल्या गावात चादरीला काय तोटा! प्रत्येक लग्नात, प्रत्येक सत्कारात एक येते आणि घडी न मोडता माळ्यावर जाते. थंडी डिसेंबरच्या सुरुवातीलाच पडायला लागते, तेव्हा ऊब द्यायची तर आत्ताच. २५ तारखेला फोटो काढून दिलेली चादर तोवर वीस रात्री उशिरा पोचलेली असते.

चौथ्या अध्यायात येशूमुळे शिमोनाच्या (पुढे त्याचा शिष्य झालेल्या पेत्राच्या) सासूचा ताप उतरतो आणि ती लगेच उठून सगळ्यांची सेवा करायला लागते. दर वर्षी इथे मी थांबते. प्रभूने बरं केलं ते खरंच, पण घरच्यांनी एक दिवस तरी पडू द्यायचं होतं की ओ तिला! सूनबाई हसते. आता घरात कुणी आजारातून उठून लगेच कामाला लागलं की आम्ही म्हणतो, “शिमोनाची सासू झालीस का?”

दहावा अध्याय मार्था आणि तिची बहीण मरिया यांचा (ही मरिया वेगळी, येशूची आई नव्हे): घरी आलेल्या प्रभूपाशी मरिया ऐकत बसते, मार्था एकटी राबते आणि कुरकुरते. आणि १० डिसेंबर हीच आमच्याकडे फराळाला हात घालायची तारीख. पुस्तक मांडलं त्यांनी माझं स्वयंपाकघर बघून मांडलं काय, असं वाटतं. एक सांगते, मला मार्थाचा राग कधीच आला नाही. जेवायला माणसं आली की कुणीतरी चुलीपाशी असावंच लागतं. प्रभू तिला ‘स्वयंपाक करू नको’ म्हणत नाही, तो तिच्या दगदगीबद्दल बोलतो. दगदग हा शब्द फार नेमका आहे. काम वेगळं, दगदग वेगळी. पाच बायांनी गप्पा मारत शंभर करंज्या केल्या तर ते काम. एकटीने रात्री दोन वाजता, उद्या कोण काय म्हणेल या भीतीने तीस केल्या तर ती दगदग.

बाराव्यात कावळे आणि रानातली फुलं येतात, काळजी करू नका म्हणून. पंधराव्यात हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई आहे. १५ डिसेंबर, घर झाडायचा दिवस! एकविसाव्यात गरीब विधवेने दानात टाकलेली दोन नाणी, तेव्हा दानाचं पाकीट त्याच रात्री भरून ठेवायचं, म्हणजे २५ ला चर्चच्या दारात सुट्टे शोधायची पळापळ होत नाही.

बाविसावा आणि तेविसावा जड जातात. नाताळ तोंडावर आला असताना वधस्तंभाचं वाचायचं? पहिल्या वर्षी मी ते दोन दिवस गाळले. नंतर गाळले नाहीत. तेविसाव्या अध्यायाची अगदी शेवटची ओवी बघा. गालीलाहून आलेल्या बाया सुगंधी द्रव्यं तयार करतात आणि मग शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, लागतो म्हणून आज्ञेप्रमाणे स्वस्थ बसतात. एवढ्या दुःखातही तयारी अर्धी टाकून त्या थांबल्या. कढईचा नियम मी आधी केला होता, ही ओवी नंतर सापडली. सापडली तेव्हा कढई धुऊन पालथी घातली आणि पाच मिनिटं ओट्याला टेकून उभी राहिले.

वाचायची वेळ ठरवा, ती पाळता येईल अशीच. आमची रात्री साडेआठ, जेवण झाल्यावर, टीव्ही लावायच्या आधी. पंधरा मिनिटं पुरतात. मुलगा पुण्यात असतो, तो फोन स्पीकरवर टाकून ऐकतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचायचे नाहीत, आजच्या तारखेचाच वाचायचा. मागचं भरून काढायला गेलं की वाचन म्हणजे उधारी होते.

सातातले चार जिन्नस कसे कमी केले

मराठी ख्रिस्ती घरात नाताळाला फराळ लागतोच. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, लाडू, चिवडा, अनारसे, नानकटाई. दिवाळीत शेजारपाजारची ताटं आपल्याकडे येतात, डिसेंबरात आपली त्यांच्याकडे जातात. हे तुटू द्यायचं नाही. पण शेजारणीला सात जिन्नस लागतात असं आपल्याला कुणी सांगितलं? मी माझ्या तेलुगू शेजारणीला सरळ विचारलं. ती म्हणाली, “आम्ही तुमच्या करंजीची वाट बघतो, बाकीचं आमच्याकडं दिवाळीचं खाऊन कंटाळा आलेला असतो.” झालं! करंजी, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा आणि नानकटाई. तीनच.

करंज्या पाळीने करा. आम्ही पाच जणी आहोत, प्रत्येकीच्या घरी एक दिवस. सारण त्या घरचं, लाटणी आणि हात सगळ्यांचे. दहापासून दुपारी एकपर्यंत शंभर-सव्वाशे होतात आणि गाणी म्हणून होतात, शिवाय कॅरलचा, म्हणजे नाताळच्या गाण्यांचा, सराव आपोआप होतो. पाळी ठरवताना पाण्याचा दिवस बघा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. ज्या घरी पाण्याचा वार असेल त्या दिवशी तिथे तळण ठेवायचं नाही. त्या सकाळी त्या बाईचं लक्ष टाकीकडे आणि मोटारीकडे असतं, आणि करंज्या करपतात. उलट पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. पातेली घासायला पाणी भरपूर असतं.

नानकटाई घरी भाजायची नाही. पीठ मळून डबा बेकरीच्या भट्टीवर न्यायचा, भाजून आणायची. केकचंही तसंच. पूर्वी मी तीन केक घरी करायची, त्यातला एक दर वर्षी मध्ये बसायचा. आता एक विकत आणते आणि कुणी विचारलं तर विकतचा आहे म्हणून सांगते. पहिल्या वर्षी जीभ अडखळली होती.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. एका दिवशी तळलेलं गाळून एकदा भाजीला, फोडणीला संपवलं तर ठीक. त्याच कढईत रोज ताजं तेल ओतत आठवडा काढायचा, हे नको. काळं झालेलं, धूर धरणारं, चिकट तेल गेलंच म्हणून समजा.

आता गुळाबद्दल बोलते, कारण दर वर्षी कुणीतरी मला प्रेमाने म्हणतं, “सिस्टर, ही घ्या, गुळाची आहे, तुम्हाला चालेल.” चालत नाही ओ. गूळ रक्तात गेला की साखरच. खजूरही तसाच. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या केकात मैदा असतोच की. मी काय करते? साखरेचीच, नेहमीची, चांगली करंजी घेते. एक. जेवणानंतर, बसून, चावून. उभ्याने ओट्यापाशी ‘तुटलेली आहे, टाकायची कशाला’ म्हणून खाल्लेल्या करंज्यांनी साखर वाढते, ताटातल्या एकीने तेवढी नाही. तुटलेल्यांचा वेगळा डबा करा आणि तो पोरांच्या हवाली करा.

बीपीवाल्यांनी गोडापेक्षा चकली, चिवडा, पापड, लोणचं याकडे बघावं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे दिवसभराचं सगळं मिळून सपाट चहाचा एक चमचा. नाताळात तो चमचा दुपारच्या आतच संपतो. लाह्यांच्या चिवड्यात मी मीठ निम्मं घालते, कढीपत्ता आणि भाजलेले शेंगदाणे हात सोडून. शेंगदाण्यात सोलापूरकराने कंजूषी करायची नाही.

गोळी, उपाशी पोट आणि लांबलेली उपासना

हे जरा नीट वाचा. नाताळाच्या सकाळी उपासना लांबते. मुलांची गाणी, सूचना, दानं, मग बाहेर सलाम, शुभेच्छा, फोटो. घरी येईपर्यंत एक वाजतो. गोळी घेऊन उपाशी गेलात तर माझ्यासारखी गत होईल. सगळ्या गोळ्यांनी सारखी साखर उतरत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा इतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी मात्र उतरते. आपली कुठली आहे ते चिठ्ठीवर बघा आणि सणाच्या वेळापत्रकात ती कधी घ्यायची ते डॉक्टरांना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, वाढवायची तर मुळीच नाही. “आज गोड खाणार म्हणून दोन घेतल्या” असं म्हणणारे मी कॅज्युअल्टीत पाहिलेत.

सकाळी निघायच्या आधी अर्धी भाकरी-भाजी किंवा उपमा, काहीही, पण खाऊन निघा. प्रभुभोजनाआधी (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीआधी) उपास धरायची ज्यांची रीत आहे, त्यांनी मधुमेह असेल तर पाळकांशी बोलावं. समजून घेणारे असतात.

घाम फुटला, हात कापले, छातीत धडधडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, माणूस विनाकारण चिडचिडा झाला, तर साखर बघा. ७० च्या खाली म्हणजे कमी. यंत्र नसेल तर वाट बघू नका. तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, वाढली नसेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर मग पोळी, बिस्किट, जेवण. करंजी, केक, चॉकलेट का नाही? त्यात तूप-तेल असतं, त्यामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, आणि त्या घडीला वेळच नसतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ठसका लागून श्वास अडकतो. कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. माझ्या पर्समध्ये आता बायबल, गाण्याचं पुस्तक आणि ग्लुकोजची पुडी, अशी तीन पुस्तकं असतात असं नात म्हणते.

दुपारच्या जेवणात बिर्याणी असू द्या की. फक्त आधी काकडी-कांदा-मुळ्याची कोशिंबीर आणि रश्शाबरोबर अर्धी ज्वारीची भाकरी खा, बिर्याणी मग. पोट आधीच अर्धं भरलेलं असतं. आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं चालायचं. आम्ही सगळी वरात घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातो, वाटेत दोन ताटं देऊन होतात.

गव्हाणी

गव्हाणी म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. यावर मी वेळ घालवते, आणि घालवावा असंच माझं म्हणणं आहे. बाजारात तयार गव्हाणी मिळते, थर्मोकोलचा बर्फ लावलेली. सोलापुरात बर्फ! इथे डिसेंबरात दुपारी बारा वाजता छत्री लागते.

आमची गव्हाणी कडब्याची. ज्वारी अजून रानात उभी असते, म्हणून कडबा गेल्या सालचा, गोठेवाल्याकडून एक पेंढी मागून आणायची. छप्पर कडब्याचं, भिंती मातीच्या, दारात दगडाची लहानशी गव्हाण. हे काम नातवंडांचं आणि मी फक्त बसून बघायचं, हा माझा विसावा. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हा खरं गवत आणि खरा बैल-गाढव आणले होते. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी माणसांनी आपल्या गावचंच गवत वापरलं. आपण आपला कडबा वापरू.

मेंढपाळ पुस्तकातले कशाला दाखवायचे? गावाबाहेर मंगळवेढ्याच्या वाटेवर रानात धनगरांची मेंढरं बसलेली असतात, खताच्या बदल्यात शेतकरी बसवून घेतात. एका वर्षी मी नातवंडांना संध्याकाळी तिकडे नेलं. घोंगडं पांघरलेला म्हातारा शेकोटीपाशी बसला होता, कुत्रं भुंकत होतं, कोकरू नुकतंच झालेलं. धाकट्याने विचारलं, “आजी, देवदूत यांच्याकडंच आलते का?” मी म्हटलं, अशांकडेच. संडे स्कूलच्या नाटकात आमचे मेंढपाळ पट्ट्यापट्ट्यांची सोलापुरी चादर पांघरून येतात, ते मला कुठल्याही भाड्याच्या झग्यापेक्षा बरं वाटतं.

बाळ मात्र गव्हाणीत २४ च्या रात्रीपर्यंत ठेवायचं नाही. तोवर गव्हाण रिकामी. ते ठेवताना सगळ्यात धाकटं मूल ठेवतं आणि मी दुसऱ्या अध्यायातली एकच ओवी म्हणते, बाळंत्याने गुंडाळल्याची. बाळंतं हा शब्द वॉर्डात दिवसातून शंभरदा यायचा. जुन्या मऊ सुती लुगड्याचा तुकडा, धुऊन उन्हात वाळवलेला. २४ डिसेंबरच्या कितीतरी रात्री मी ड्यूटीवर काढल्या, उपासना चुकली म्हणून रडलेही. पण रात्री अडीचला एखादं पोर रडलं आणि मी त्याला गुंडाळलं की वाटायचं, चुकलं कुठे?

माणसं, गाड्या, शिंपी

हे झटपट. मुंबईहून येणाऱ्यांना २३ च्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस हवी असेल तर आरक्षण ६० दिवस आधी, म्हणजे २४ ऑक्टोबरला उघडतं. तेव्हा दिवाळीची गडबड असते आणि हमखास विसरायला होतं. कॅलेंडरवर आत्ताच लिहा. ब्लाउज शिंप्याकडे २० नोव्हेंबरच्या आत. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि शिंपी सापडत नाही. किंवा माझ्यासारखं करा, दर दोन वर्षांनी एकदाच नवी साडी. मागच्या नाताळाची नेसून गेले, कुणालाही कळलं नाही. सगळ्या आपापल्या साडीकडे बघत होत्या.

चांदणी नवी पेठेतून एकदा घ्यायची आणि जपून ठेवायची. वायर तेवढी दर वर्षी तपासा.

कॅरलवाली पोरं. यांच्यावर माझा जीव आहे, पण रात्री दीड वाजता दार वाजवून चहा मागणाऱ्या चाळीस पोरांचं करायचं काय? मी तरुण संघाच्या मुलांना बोलावून सांगितलं, “बाबांनो, आमच्याकडं २२ तारखेला साडेआठला या. कांदेपोहे ठेवते. २४ ला दारावरून गात जा, मी खिडकीतून ऐकते.” रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक तसाही बंद, नुसत्या ढोलकीवर आणि उघड्या गळ्याने गातात, आणि तेच गोड लागतं. त्यांना राग आला नाही. आपल्यालाच वाटतं राग येईल.

‘नाही’ म्हणायचं तर त्याला तारीख जोडा. “२५ ला नको, २८ ला या, निवांत बसू.” नुसतं नाही म्हटलं की माणूस तुटतं, तारीख दिली की उलट मान वाटतो. नाताळ एका दिवसाचा नाही, ६ जानेवारीपर्यंत, प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. बावीस ताटं एका दुपारी पोचवायचा हट्ट मी त्यामुळेच सोडला. २६ पासून रोज तीन. प्रत्येक घरी दहा मिनिटं बसणं होतं. पूर्वी दारातच ताट देऊन पळायची, पुढचं ताट रिक्षात असायचं.

चौदाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, जेवण द्याल तेव्हा परत बोलावू शकणाऱ्यांना नव्हे, न शकणाऱ्यांना बोलवा. हे मला फार दिवस नुसतं ऐकायला चांगलं वाटायचं. आता आमच्या टेबलावर २५ ला दोन ताटं अशा माणसांची असतात ज्यांच्याकडे कुणी नाही. एक वर्ष हॉस्टेलवरच्या दोन मुली होत्या, मणिपूरच्या, नर्सिंग शिकणाऱ्या. त्यांनी त्यांच्या भाषेतलं गाणं म्हटलं. एक ओळ कळली नाही, सूर ओळखीचा होता.

ज्या घरात यंदा कुणी गेलंय

माझे मालक २०१९ च्या सप्टेंबरात गेले. त्या डिसेंबरात सगळे म्हणाले, यंदा काही करू नका. आणि काहीजण म्हणाले, नेहमीसारखंच करा, त्यांना आवडलं असतं. दोन्ही ऐकून डोकं फिरलं. शेवटी चांदणी लावली, फराळ केला नाही, लूक मात्र वाचला. मोठ्याने वाचायचं काम त्यांचं होतं. पहिल्या रात्री कुणीच पुस्तक उचलेना, मग सूनबाईने उचललं. ती चाचरत वाचते, अजूनही. तेव्हापासून तिचंच काम.

अशा घरी २५ ला गर्दी करू नका, फोनवर लांबलचक शुभेच्छाही नकोत. २७ ला किंवा २९ ला जा, जेव्हा बाकीचे सगळे जाऊन झालेले असतात. डबा न्यायचा तर वरण-भाताचा न्या. गोड त्यांच्याकडे साचलेलं असतं. आणि गेलेल्याचं नाव घ्या. नाव टाळून बोलणारे लोक मला त्या वर्षी सगळ्यात जास्त थकवून गेले.

झोप लागत नसेल, खाणं सुटलं असेल, जगू नये असं वाटत असेल आणि हे आठवड्यांवर आठवडे चाललं असेल, तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. यात विश्वास कमी पडला असं काही नाही. हे शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे तो लूक स्वतः वैद्य होता, पौलाने कलस्सैकरांना लिहिताना त्याला प्रिय वैद्य म्हटलंय.

चोवीस, पंचवीस आणि नंतर

२४ ला दुपारी दोन तास झोपायचं. सगळ्यांनी. फोन दुसऱ्या खोलीत. रात्री चोविसावा अध्याय: अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघा शिष्यांना पुन्हा उठलेला प्रभू भेटतो, ते ओळखत नाहीत, आणि त्याने भाकर मोडल्यावर त्यांचे डोळे उघडतात. त्या रात्री आमच्याकडे जेवायला मुद्दाम भाकरीच असते, ज्वारीची, शेंगाचटणी आणि दही. मोडायची, वाटायची. धाकटी नात दर वर्षी विचारते, “उद्या मटण हाय ना पण?”

२५ ला पहाटे पुस्तक पुन्हा दुसऱ्या अध्यायावर उघडायचं. तेवीस दिवसांपूर्वी वाचलेलाच, पण मधे सगळा लूक वाचून झालेला असतो, म्हणून तेच बाळ वेगळं दिसतं. मग काहीतरी खाऊन, गोळी घेऊन, चर्च. व्हॉट्सअॅप दुपारच्या जेवणानंतर. सत्त्याण्णव मेणबत्त्यांची चित्रं तेवढा वेळ थांबतात.

६ जानेवारीला चांदणी उतरते. तोवर होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे उभे राहायला लागलेले असतात आणि पोरांचं लक्ष तिकडे गेलेलं असतं. गव्हाणी मोडायची. माती कुंड्यांना. कडबा गोठेवाल्याला परत नेऊन द्यायचा. गेल्या वर्षी मी स्वतः नेला, त्याच्या म्हशीने माझ्या हातातूनच ओढून घेतला, छपराला चिकटवलेल्या सोनेरी कागदासकट. कागद तेवढा तिच्या तोंडातून ओढून काढला.